कायदा रद्द झाला, शिक्षा मात्र सुरूच: ब्रिटनमधील अनिश्चित मुदतीचा कारावास आणि संसदेपुढचा प्रश्न

न्यायालयाने शिक्षा सुनावली की कैद्याच्या घरची माणसे सर्वप्रथम सुटकेची तारीख विचारतात. आई मनात वर्षे मोजते, पत्नी मुलांची वये मोजते. शिक्षा कितीही कठोर असो, तिला शेवट आहे एवढाच त्या घराला आधार असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ ते २०१२ या काळात ८,७११ जणांना अशी शिक्षा देण्यात आली, की तिच्यात सुटकेची तारीखच नव्हती. तिचे नाव 'इम्प्रिझनमेंट फॉर पब्लिक प्रोटेक्शन', म्हणजे जनतेच्या संरक्षणासाठी कारावास. 'आयपीपी' या आद्याक्षरांनीच ती येथे ओळखली जाते. ज्या कायद्याने ती निर्माण झाली ती तरतूद ब्रिटिश संसदेने २०१२ साली रद्द केली. तरीही त्या तरतुदीखाली शिक्षा झालेली शेकडो माणसे आजही कोठडीत आहेत.

या देशात घर केलेल्या आपल्या कुटुंबांनी हा विषय का समजून घ्यावा, याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे. आधी ही शिक्षा नेमकी काय आहे ते पाहू.

कायदा कसा आला

टोनी ब्लेअर यांच्या सरकारने २००३ चा क्रिमिनल जस्टिस ॲक्ट संमत करून घेतला. त्या वेळी डेव्हिड ब्लंकेट गृहमंत्री होते. काही गुन्हेगार ठरावीक मुदत भोगून बाहेर येतात आणि पुन्हा गंभीर गुन्हा करतात, अशी चिंता समाजात होती आणि ती निराधार नव्हती. त्यावर सरकारने असा उपाय योजला की, ज्यांचा गुन्हा जन्मठेपेइतका गंभीर नाही, परंतु ज्यांच्यापासून पुढे समाजाला धोका संभवतो, त्यांना अनिश्चित मुदतीसाठी डांबावे. ४ एप्रिल २००५ पासून ही शिक्षा अमलात आली.

तिची रचना अशी होती. न्यायाधीश प्रथम एक किमान मुदत ठरवीत, तिला 'टॅरिफ' म्हणतात. त्या गुन्ह्याला साधी शिक्षा झाली असती तर ती किती झाली असती, हे धरून त्याच्या साधारण निम्मी ही मुदत असे. टॅरिफ संपल्यावर सुटका मात्र आपोआप होत नसे. कैद्याने पॅरोल मंडळापुढे जायचे आणि आपल्याला कोंडून ठेवणे जनतेच्या संरक्षणासाठी आता आवश्यक राहिलेले नाही, याची मंडळाला खात्री पटवायची. ती पटेपर्यंत आतच राहायचे. ही वाट एक वर्षाची असू शकते, वीस वर्षांची असू शकते, मरेपर्यंतचीही असू शकते.

मूळ कायद्यात न्यायाधीशांचे हातही बांधलेले होते. आरोपीला पूर्वी ठरावीक यादीतील एखाद्या गुन्ह्यासाठी शिक्षा झालेली असेल, तर तो धोकादायक आहे असे गृहीत धरूनच चालावे, अशी तरतूद होती. त्यामुळे ज्यांना एरवी दोन-तीन वर्षांची कैद झाली असती, अशांनाही ही शिक्षा सर्रास मिळू लागली. काहींचे टॅरिफ तर काही महिन्यांचेच होते. अठरा वर्षांखालील मुलांसाठीही याच धर्तीची वेगळी शिक्षा होती. या तरतुदीमुळे सुमारे नऊशे कैदी वाढतील असा सरकारचा अंदाज होता. शिक्षांची एकूण संख्या मात्र ८,७११ वर गेली आणि २०१२ च्या सुमारास अशा कैद्यांची संख्या सहा हजारांच्या घरात पोहोचली.

खात्री पटवायची कशी?

अपराध सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते, हे न्यायाचे मूलतत्त्व आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आयपीपीच्या बाबतीत टॅरिफ संपल्यानंतर हे ओझे प्रत्यक्षात कैद्याच्या डोक्यावर येते. तेही न केलेल्या, पुढे कधीतरी होऊ शकेल अशा कृत्याबद्दल. 'मी उद्या अपराध करणार नाही' हे कोणी कसे सिद्ध करावे?

तुरुंग प्रशासनाचे यावर उत्तर होते सुधारणा-अभ्यासक्रमांचे. राग आवरणे, व्यसनमुक्ती, लैंगिक गुन्ह्यांसंबंधी उपचार असे अभ्यासक्रम पूर्ण केले की धोका कमी झाल्याचा पुरावा तयार होतो. परंतु कैदी हजारोंनी वाढले आणि अभ्यासक्रमांतील जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. ज्याचे टॅरिफ वर्षभराचे, त्याची अभ्यासक्रमाची पाळी टॅरिफ उलटून गेल्यावरही येत नसे. अभ्यासक्रम नाही म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून सुटका नाही, असे हे चक्र होते. १८ सप्टेंबर २०१२ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 'जेम्स, वेल्स आणि ली विरुद्ध युनायटेड किंग्डम' या प्रकरणात यावर बोट ठेवले. या तिघांची टॅरिफे अनुक्रमे दोन वर्षे, बारा महिने आणि नऊ महिने होती. सुधारण्याची वाजवी संधीच न देता टॅरिफनंतर डांबून ठेवणे हा स्वातंत्र्याच्या हक्काचा भंग आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला.

अभ्यासक्रमांच्या गुणवत्तेचा प्रश्न तर आणखी वेगळा. लैंगिक गुन्हेगारांसाठीचा मुख्य उपचार-अभ्यासक्रम २०१७ साली सरकारला मागे घ्यावा लागला, कारण न्याय मंत्रालयाच्याच अभ्यासात त्यामुळे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही, उलट किंचित वाढलेलेच आढळले. म्हणजे जो अभ्यासक्रम केला नाही म्हणून वर्षानुवर्षे माणसे अडवून ठेवली, तो उपयोगाचा नव्हता हे नंतर कळले.

सुटका झाली तरी फेरा संपत नसे. बाहेर आलेला माणूस 'लायसन्स'वर, म्हणजे सशर्त सुटकेवर राहतो. कुठे राहायचे, कोणाला भेटायचे नाही, अधिकाऱ्यापुढे हजेरी केव्हा द्यायची, हे सारे ठरवून दिलेले असते. अट मोडली असे अधिकाऱ्यांना वाटले, तर नवा गुन्हा न करताही त्याला परत तुरुंगात नेता येते. याला 'रिकॉल' म्हणतात. परत गेल्यावर पुन्हा तीच खात्री आणि पुन्हा तेच मंडळ. ही टांगती तलवार दूर करण्याचा अर्ज पहिल्या सुटकेनंतर दहा वर्षे उलटल्याशिवाय करताच येत नसे.

या अनिश्चिततेचा मनावर काय परिणाम होतो हे तुरुंगातील नोंदीच सांगतात. या कैद्यांमध्ये स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण मोठे आहे आणि कोठडीत आत्महत्या केलेल्यांची संख्या नव्वदीच्या घरात गेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी विशेष प्रतिवेदक ॲलिस जिल एडवर्ड्स यांनी २०२३ साली ब्रिटिश सरकारला या शिक्षांचा तातडीने फेरविचार करण्याचे आवाहन केले. यातली एक क्रूर गुंतागुंत अशी, की अनिश्चिततेने खचलेल्या माणसाचे वर्तन बिघडते आणि ते बिघडलेले वर्तनच 'धोक्याचा' पुरावा म्हणून मंडळापुढे येते.

रद्द झाले, पण मागील तारखेपासून नाही

२००८ साली कायद्यात पहिली दुरुस्ती झाली. न्यायाधीशांना विवेकाधिकार परत मिळाला आणि सर्वसाधारणपणे किमान दोन वर्षांचे टॅरिफ असल्याशिवाय ही शिक्षा देऊ नये असे ठरले. पुढे हुजूर व लिबरल डेमोक्रॅट पक्षांच्या संयुक्त सरकारात केनेथ क्लार्क न्यायमंत्री असताना ही शिक्षाच रद्द करण्याचा निर्णय झाला आणि ३ डिसेंबर २०१२ पासून ती देणे बंद झाले.

परंतु हे रद्दीकरण पूर्वलक्षी नव्हते. त्या दिवसापूर्वी ज्यांना शिक्षा झाली, ते तसेच राहिले. त्यामुळे एकाच प्रकारचा गुन्हा करणाऱ्या दोघांपैकी एकाला महिनाभर उशिरा शिक्षा झाली म्हणून सुटकेची तारीख मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही. त्याच २०१२ च्या कायद्यातील कलम १२८ ने न्यायमंत्र्यांना एक अधिकार दिला होता. सुटकेसाठी पॅरोल मंडळाने लावायची कसोटी त्यांना आदेशाने बदलता येणार होती, म्हणजे खात्री पटवण्याचे ओझे कैद्यावरून काढता आले असते. त्यानंतर कितीतरी न्यायमंत्री आले आणि गेले. तो अधिकार कोणीही वापरला नाही.

संसदेतील चर्चा

सप्टेंबर २०२२ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या न्यायविषयक समितीने आपला अहवाल दिला. समितीचे अध्यक्ष हुजूर पक्षाचे सर बॉब नील होते. ही शिक्षा मुळातच सदोष असून तिला ठिगळे लावून भागणार नाही, सर्व कैद्यांना नव्याने ठरावीक मुदतीची शिक्षा द्यावी, आणि ते कसे करावे हे ठरवण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी, ही त्यांची मुख्य शिफारस होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये डॉमिनिक राब न्यायमंत्री असताना सरकारने ती फेटाळली.

त्यानंतर ॲलेक्स चॉक न्यायमंत्री झाले आणि 'व्हिक्टिम्स अँड प्रिझनर्स' विधेयकाच्या निमित्ताने हा प्रश्न दोन्ही सभागृहांत आला. नील यांनी दुरुस्त्या मांडल्या. लॉर्ड्समध्ये हुजूर पक्षाचे लॉर्ड मॉयलन, लिबरल डेमोक्रॅट बॅरोनेस बर्ट यांच्यासारखे निरनिराळ्या बाकांवरचे सदस्य एका सुरात बोलले. ज्यांच्या कारकिर्दीत हा कायदा आला ते ब्लंकेट आता लॉर्ड्सचे सदस्य आहेत. आपण निर्माण केलेल्या शिक्षेने अन्याय केला, हे त्यांनी उघडपणे मान्य केले आहे आणि ती दुरुस्त करण्याच्या प्रयत्नांत ते सहभागी झाले आहेत. सत्तेवर असताना केलेल्या कायद्याबद्दल असे बोलणारे राजकारणी विरळा.

२४ मे २०२४ रोजी, निवडणुकीपूर्वी संसद विसर्जित होण्याच्या धामधुमीत, ते विधेयक कायदा झाले. त्याने फेरशिक्षेची मागणी मान्य केली नाही, पण लायसन्सची दहा वर्षांची मुदत तीन वर्षांवर आणली. पुढे सलग दोन वर्षे रिकॉल न होता बाहेर काढली, तर लायसन्स आपोआप संपेल अशी व्यवस्थाही केली. १ नोव्हेंबर २०२४ रोजी या तरतुदीमुळे सतराशेहून अधिक माणसांच्या डोक्यावरची टांगती तलवार एका दिवसात दूर झाली. हा बदल खरा आहे आणि त्याचे श्रेय ज्यांनी तो घडवला त्यांना दिलेच पाहिजे.

मात्र जे आत आहेत त्यांच्यासाठी तो पुरेसा नाही. मार्च २०२५ अखेर सुमारे अडीच हजार आयपीपी कैदी तुरुंगात होते. त्यांपैकी जवळपास एक हजार जण एकदाही सुटलेले नव्हते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांचे टॅरिफ संपून दहा वर्षे उलटली होती. उरलेले बाहेर येऊन रिकॉलमुळे परत गेलेले. मजूर पक्षाचे लॉर्ड वुडली यांनी सर्वांना नव्याने ठरावीक शिक्षा द्यावी यासाठी खासगी विधेयक आणले. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी लॉर्ड्समध्ये त्याचे दुसरे वाचन झाले. त्यांच्याच पक्षाच्या सरकारने त्याला पाठिंबा दिला नाही.

सरकारची बाजू

सरकारची भूमिका लॉर्ड टिंप्सन मांडतात. तुरुंगमंत्री होण्यापूर्वी त्यांनी आपल्या कौटुंबिक व्यवसायात तुरुंगातून सुटलेल्यांना मोठ्या संख्येने नोकऱ्या दिल्या होत्या. ते कैद्यांविषयी तुच्छतेने बोलणारे मंत्री नाहीत, म्हणून त्यांचा युक्तिवाद नीट ऐकला पाहिजे. ज्यांना पॅरोल मंडळाने धोकादायक ठरवले आहे, त्यांना फेरशिक्षा दिली तर बहुतेकांची मुदत आधीच भरलेली असेल. ते तत्काळ आणि अनेकदा कोणत्याही देखरेखीशिवाय बाहेर पडतील. त्यांच्यापैकी एकानेही एखाद्या स्त्रीवर किंवा मुलावर हल्ला केला, तर त्याचे उत्तर कोण देणार? ज्यांनी पूर्वी या माणसांचा हिंसाचार सोसला, त्यांची भीतीही खरी आहे. तिला भावनिक म्हणून बाजूला सारता येणार नाही.

या शंकेला उत्तर देण्याचा गंभीर प्रयत्न जून २०२५ मध्ये झाला. माजी सरन्यायाधीश लॉर्ड थॉमस यांच्या अध्यक्षतेखालील आणि हॉवर्ड लीगने बोलावलेल्या तज्ज्ञगटाने मधला मार्ग सुचवला. पॅरोल मंडळाने प्रत्येक कैद्याला पुढील सुनावणीत दोन वर्षांच्या आतली सुटकेची तारीख द्यावी. त्या मुदतीत त्याच्या घराची, उपचारांची आणि देखरेखीची तयारी करावी. मधल्या काळात धोक्याची नवी चिन्हे दिसली, तर तारीख बदलण्याचा अधिकार मंडळाकडे राहावा. या योजनेत धोक्याचा प्रश्न टाळलेला नाही. माणसाला तारीख मिळते आणि त्या तारखेपर्यंत त्याला तयार करण्याची जबाबदारी शासनावर येते. आजवर ती कैद्यावर होती. प्रस्तुत लेखकाला हा मार्ग न्याय्य वाटतो.

आपल्या अनुभवातून पाहताना

'काय केले' यापेक्षा 'काय करील' यावर माणसाला बांधून ठेवणारा कायदा आपल्याला नवा नाही. १८७१ साली ब्रिटिशांच्या भारतातील राजवटीने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. नोंदणी, हजेरी, परवानगीवाचून गाव सोडण्यास मनाई, तारेच्या कुंपणातील वसाहती हे त्याचे रूप. सोलापूरची सेटलमेंट महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला, पण पारधी वस्तीकडे पाहणारी पोलिसी नजर त्याबरोबर रद्द झाली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नियमपुस्तिकांतील जातीवर आधारित कामवाटप आणि विमुक्त जमातींविषयीचे भेदभावाचे उल्लेख घटनाबाह्य ठरवावे लागले. कायदा जाण्याने त्याची सावली जातेच असे नाही, हे आपण जाणतो.

भारतातील आजची स्थितीही विसरता येणार नाही. २०२२ च्या अखेरीस तेथील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला संपण्याची वाट पाहणारे होते. त्यांचा दोष अजून ठरलेला नाही, त्यामुळे त्यांची गोष्ट आयपीपी कैद्यांहून वेगळी. तारीख ठाऊक नसणे मात्र दोघांच्याही वाट्याला आले आहे.

याच प्रश्नाशी बाबासाहेबांना संविधान सभेत झुंजावे लागले. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना इंग्रजी कायद्यातील व्यक्तिस्वातंत्र्याची परंपरा उत्तम ठाऊक होती. जीवित व स्वातंत्र्याचे रक्षण करणाऱ्या अनुच्छेदाचे शब्द सभेने सौम्य केले, तेव्हा अनेक सदस्य अस्वस्थ झाले. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी नवा अनुच्छेद १५-अ मांडला. आजच्या संविधानात तो अनुच्छेद २२ आहे. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा हक्क, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे या तरतुदी त्यात आहेत. प्रतिबंधक स्थानबद्धता नव्या राष्ट्राला लागू शकते, हे त्यांनी नाकारले नाही. पण तीन महिन्यांहून अधिक काळ कोणाला डांबायचे असेल, तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची पात्रता असलेल्यांच्या सल्लागार मंडळाने पुरेसे कारण आहे असे म्हटले पाहिजे, अशी अट घातली. हे संरक्षण अपुरे आहे अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. तरी त्यामागचा विचार स्पष्ट आहे. धोका आहे असे शासनाने म्हणावे, पण त्यासाठी दिवस मोजले जावेत आणि कारण शासनाने द्यावे.

दुसरा धागा धम्माचा. ब्रिटनमधील तुरुंगांत बौद्ध कैद्यांना भेटणाऱ्या धम्मसेवकांची संस्था अजान खेमधम्मो यांनी १९८५ साली स्थापन केली. तिचे नाव त्यांनी 'अंगुलिमाल' ठेवले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अंगुलिमालाच्या परिवर्तनाला स्थान दिले आहे. मज्झिम निकायातील सुत्तात राजा पसेनदी घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघतो आणि तथागतांजवळ बसलेला भिक्खू पाहून थांबतो. पुढे तोच अंगुलिमाल भिक्षेसाठी गावात जातो, तेव्हा लोक त्याला दगडांनी रक्तबंबाळ करतात. जखमी झालेल्यांचा राग सुत्ताने लपवलेला नाही, आणि माणूस बदलू शकतो हे सत्यही सोडलेले नाही.

आपण काय करू शकतो

या देशात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला १९८३ च्या कायद्याने संसदीय निवडणुकीत मतदानाचा हक्क नाही. अशी सरसकट बंदी मानवी हक्कांशी विसंगत आहे, असे स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने २००५ साली सांगितले. फेब्रुवारी २०११ मध्ये कॉमन्सने २३४ विरुद्ध २२ मतांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. म्हणजे ज्यांचे आयुष्य या कायद्यावर अवलंबून आहे, त्यांना तो बदलणारा प्रतिनिधी निवडता येत नाही.

आपल्याला येतो. येथे कायदेशीर वास्तव्य असलेला भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक या नात्याने संसदीय निवडणुकीत मतदान करू शकतो. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, मतदार यादीत नाव मात्र हवे. आपल्यातील अनेकांनी ते नोंदवलेले नाही, हे आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांतून वारंवार दिसते. नोंदणी करावी. आपल्या मतदारसंघाच्या खासदारांना पत्र लिहून लॉर्ड थॉमस यांच्या गटाच्या सूचनेवर त्यांची भूमिका काय आहे, ते विचारावे. २०२४ च्या कायद्याने सरकारला दरवर्षी या कैद्यांविषयी संसदेला अहवाल देणे बंधनकारक केले आहे. तो सार्वजनिक असतो, तो वाचावा आणि मुलांबरोबर त्यावर बोलावे.

या कैद्यांपैकी बहुतेक जण आपल्या समाजाचे नाहीत. त्यांनी केलेले काही गुन्हे भयंकर आहेत. तरीही त्यांच्या घरी कोणीतरी दिवस मोजू पाहते आहे, आणि एका लोकशाही देशाच्या संसदेने त्यांना मोजण्यासाठी आकडाच दिलेला नाही. तो द्यावा, एवढीच ही मागणी आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.